भीड चेपणारे खेळ

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीत त्या राहतात. बिऱ्हाडे दोनशेच्या घरात, आणि कॉलेजात जाणारी मुलेमुली साठ-सत्तर तरी असतील. या सगळ्यांची एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून तेथील बायकांनी गेल्या दिवाळीत गच्चीवर फराळ ठेवला. मुले वेळेवर आली, फराळावर त्यांनी यथास्थित ताव मारला, आणि मग जो तो आपापल्या आधीच्या दोघा-तिघा मित्रांना घेऊन कोपऱ्यात जाऊन बसला. ज्यांना मित्र नव्हते त्यांनी मोबाइल काढले. बाई विचारतात, "ही मुले एकमेकांशी चार शब्द बोलतील असे काही खेळ सुचवाल का? मात्र अगदी लहान मुलांचे नकोत, आणि कोणाला अवघडल्यासारखे होईल असेही नकोत."

पत्रातले शेवटचे वाक्य मला फार आवडले. ते का, हे पुढे येईलच.

शिबिरे भरवणारी मंडळी हल्ली अशा खेळांना 'आइसब्रेकर' म्हणतात. म्हणजे बर्फ फोडणारे. ज्या मुलखात हिवाळ्यात बंदरे गोठतात तेथे हा शब्द शोभतो. आपल्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीत, गोणपाटात गुंडाळलेला. आपल्या माणसांमध्ये आड येतो तो बर्फ नव्हे, आड येते ती भीड. आणि भीड ही कोणी फोडीत नाही, ती चेपते. फोडायला घाव लागतो. चेपायला हात लागतो आणि जरा वेळ लागतो. भीड ही भिकेची बहीण असे आपण म्हणतो खरे, पण तरुण वयातली भीड म्हणजे आपले हसे होईल की काय ही धास्ती, दुसरे काय? ती घाव घालून जात नाही, उलट आत दडून बसते.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले नाही. जालना जिल्ह्यातल्या एका शिबिरात मी एक चूक केली, तिच्यातून आले. ती चूकच आधी सांगतो.

कॉलेजांतून राष्ट्रीय सेवा योजना असते, हे आपणास ठाऊक आहेच. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. या योजनेतील मुलांनी एखाद्या खेड्यात सात दिवस मुक्काम करून श्रमदान करायचे, असा परिपाठ आहे. २०२५ च्या जानेवारीत असेच एक शिबिर अंबड तालुक्यातल्या एका गावात भरले होते. मुलेमुली ५०, मुक्काम गावच्या शाळेत. सकाळी शोषखड्डे खणायचे, दुपारी कोणा पाहुण्याचे बौद्धिक ऐकायचे, रात्री गाणी-नकला. त्या पाहुण्यांपैकी एक मी. दोन दिवसांसाठी गेलो होतो, तो मुलांनी ठेवून घेतल्यामुळे चार दिवस राहिलो.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. बहुतेक तालुके औरंगाबाद जिल्ह्यातून आले, परतूर परभणीतून. 'जालना सोने का पालना' ही म्हण व्यापारी तोऱ्यात सांगतात, आणि सळ्यांचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या नि मोसंबीच्या बागा पाहिल्या की तिच्यात तथ्य वाटते. पण त्याच जिल्ह्यातली अनेक कुटुंबे दसरा झाला की ऊसतोडीला बाहेर पडतात. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे शहरात मराठीच्या जोडीला दखनी उर्दू ऐकू येते, व्यापारी पेठेत मारवाडी नि गुजराती, आणि कारखान्यांच्या वस्तीत हिंदी. शिबिरातल्या ५० मुलांत हे सगळे होते. शहरातल्या पेढीवरचा मुलगा होता, तांड्यावरची मुलगी होती, भोकरदन, मंठा, घनसावंगी इकडची शेतकऱ्यांची मुले होती.

आणखी एक गोष्ट होती. २०२३ च्या सप्टेंबरात याच तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचे नाव आरक्षणाच्या आंदोलनामुळे देशभर झाले. २०२४ च्या जूनमध्ये जवळच्या वडीगोद्रीला दुसऱ्या बाजूचे उपोषण झाले. या प्रश्नात कोणाचे किती खरे, हा या सदराचा विषय नव्हे. पण मोठ्यांचे भांडण मुलांच्या दप्तरातून शाळेत येते, तसे ते या शिबिरातही आले होते. कोणी उघड बोलत नव्हते इतकेच.

पहिल्या संध्याकाळी ओळखीचा कार्यक्रम माझ्याकडे दिला. मी सगळ्यांना गोल बसवले आणि मोठ्या उत्साहाने म्हणालो, "एकेकाने उभे राहायचे. पूर्ण नाव, गाव, आणि वडील काय करतात, एवढे सांगायचे. लाजायचे नाही!"

आपल्यापैकी बहुतेकांनी अशीच ओळख करून दिली असेल, करून घेतली असेल. यात चुकले कुठे, असे मलाही त्या वेळी वाटले नाही. पण आपल्या प्रांतात पूर्ण नावात काय काय येते? आडनावावरून जात कळते, गावावरून गट कळतो, वडिलांच्या कामावरून घरची चूल कळते. सातवा-आठवा मुलगा उभा राहिला, नुसते आपले नाव सांगितले आणि खाली बसला. मी म्हणालो, "अरे, पूर्ण नाव सांग ना!" तो पुन्हा उभा राहिला. खाली पाहत त्याने आडनाव सांगितले. मागून कोणीतरी खाकरले. ते खाकरणे मला तेव्हा ऐकू आले, पण त्याचा अर्थ रात्री कळला.

वातावरण जड झाले असे पाहून मी रस्सीखेच लावली. गट करायला सोपे म्हणून तालुक्यावार केले. मग काय, दोर ताणला गेला, आरोळ्या सुरू झाल्या, एक बाजू पडली. पडलेल्यांना कोणी काहीतरी बोलले. काय बोलले ते मी ऐकले नाही. ज्याला बोलले त्याने ऐकले. दोघे अंगावर गेले, सरांनी सोडवले. त्यांतला एक तोच, आडनाव सांगायला उठवलेला मुलगा.

रात्री पंगत बसली. शाळेच्या व्हरांड्यात एकच लांब ओळ असायची. प्रत्यक्षात ओळी तीन झाल्या, आणि दोन ओळींच्या मध्ये दोन-दोन ताटांची जागा मोकळी. मुलींची चौथी ओळ पलीकडे, तिच्यातही दोन तुकडे. ज्यांची ओळख करून द्यायची म्हणून मी उभा राहिलो होतो, त्यांना मी स्वतःच निवडून वेगळे बसवले होते.

शिबिराच्या कार्यक्रमाधिकारी एक प्राध्यापक बाई होत्या, परतूरकडच्या. जेवणानंतर त्या माझ्याजवळ आल्या आणि अतिशय अदबीने म्हणाल्या, "सर, तुम्ही पाहुणे. उद्या सकाळचा खेळ माझ्याकडे द्या."

सकाळी श्रमदानाच्या आधी बाईंनी सगळ्यांना पटांगणात आणले. मोबाइल एका पिशवीत गोळा केले. मग सांगितले, "शाळेच्या ओट्यापासून त्या निंबापर्यंत एक रांग करायची. ओट्याशी जानेवारी, निंबाशी डिसेंबर. ज्याचा जन्म ज्या महिन्यात, ज्या तारखेला, त्याप्रमाणे उभे राहायचे. एकच अट. तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि लिहायचे नाही."

अर्धे मिनिट कोणी हलले नाही. मग एका मुलीने चार बोटे वर केली. दुसरीने चार दाखवून मान हलवली. हातांच्या बोटांनी महिने नि तारखा सांगणे सुरू झाले. पंचवीस तारीख कशी दाखवायची यावर एकाने दोन्ही पंजे दोनदा उघडून पुन्हा एक उघडला, समोरच्याने ते पंधरा समजून त्याला मागे ढकलले, आणि हसू दाबताना दोघांचे डोळे भरले. ज्याचे मराठी अडखळत होते तो आणि जो वक्तृत्वात बक्षिसे घेतो तो, दोघेही तेथे सारखेच मुके. एरवी बोलायला जे पुढे असतात त्यांचा खेळातला मान बोलण्याबरोबर जातो, हे मी प्रथमच पाहिले.

रांग बरीचशी लागली, आणि मध्येच एक गुंता दिसू लागला. जूनच्या जागी मुले साचली होती. एक नाही, दोन नाही, चांगली नऊजणे. सगळी एकमेकांना एकच बोट दाखवीत होती, तारीख एक. प्रत्येकाला वाटे, समोरच्याला कळले नाही, म्हणून तो पुन्हा एक बोट दाखवी. शेवटी एकाला राहवले नाही. तो ओरडला, "आरं, मपला बी एक जूनच हाय!"

झाले, मुकेपणाचा बांध फुटला. सगळे पटांगण हसू लागले. पेढीवरचा मुलगा खऱ्या आश्चर्याने म्हणाला, "इतक्यांचा वाढदिवस एकाच दिवशी कसा?" त्यावर तांड्यावरची मुलगी म्हणाली, "वाढदिवस न्हाय तो. टीसीवरची तारीख हाय."

शहरी वाचकांसाठी सांगितले पाहिजे. खेड्यात जन्माची नोंद झाली नसेल, तर शाळेत नाव घालताना गुरुजी मुलाकडे पाहून वर्षाचा अंदाज करीत आणि तारीख लिहीत १ जून, म्हणजे शाळेच्या वर्षात वय बरोबर बसते. महाराष्ट्रात अशी एक जूनची माणसे घरोघर आहेत. मोठमोठ्या हुद्द्यांवरही आहेत. आता नोंदी होऊ लागल्यामुळे हे कमी झाले आहे, पण संपलेले नाही.

त्या नऊजणांत सगळ्या बाजूंची मुले होती. काल रात्री खाकरणारा होता, आणि ज्याच्यासाठी खाकरले तोही होता. कोणत्याही आडनावाच्या घरी नोंद करायला कोणी गेले नव्हते आणि गुरुजींनी सगळ्यांना एकच दिवस वाटून दिला होता. बाईंनी हे आधी हेरले होते की ते सहज घडले, मी विचारले नाही. पण त्यांनी ते वाया मात्र जाऊ दिले नाही. त्या म्हणाल्या, "आज रात्री मोबाइल मिळतील तेव्हा घरी विचारा, आपला खरा जन्म कधीचा. आईला विचारा, आजीला, आत्याला, ज्याला ठाऊक असेल त्याला. ज्याला विचारायचे नसेल त्याने टीसीची तारीख ठेवावी."

त्या रात्री व्हरांड्यात जे फोन झाले ते ऐकण्यासारखे होते. एकाची आई म्हणाली, पोळा होऊन चार दिवस झाले होते. एकीची म्हणाली, तुरी सोंगायला निघाल्या होत्या, मी घरीच राहिले होते. एकाच्या अम्मीने सांगितले, रोजे चालू होते, चाँदरातीच्या दोन दिवस आधी. एका मुलीचा जन्म उसाच्या फडात, कोपीत झालेला; कारखान्याचा पट्टा पडायला आठवडा होता, आणि आई पाचव्या दिवशी मोळ्या बांधायला उभी राहिली होती. हे तिला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हते. एका मुलाला विचारायला आई नव्हती. तो बराच वेळ मोबाइल हातात धरून बसला आणि मग आत्याला लावला. पेढीवरच्या मुलाची पत्रिका होती, तिच्यात जन्मवेळ मिनिटासकट लिहिलेली. तो कोणालाच फोन करण्याची गरज नसलेला एकटा बसला होता, शेवटी त्यानेही आईला लावला आणि नुसते विचारले, "त्या दिवशी काय काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी नवी रांग लागली. या वेळी बोलून. तिच्यावरून बाईंनी सहा गट पाडले, दोन-दोन महिन्यांचे. स्वयंपाक, वाढणे, भांडी, पाणी, सगळ्या पाळ्या या गटांना वाटल्या. त्या रात्री पंगत पाहिली. ओळ अजून एकसंध नव्हती, पण मधल्या मोकळ्या जागा मुजल्या होत्या. आदल्या दिवशी अंगावर गेलेली ती दोन मुले एकाच महिन्यात निघाली होती. ती मित्र झाली असे मी म्हणणार नाही. चार दिवसांत मैत्री होते असे मला वाटतही नाही. वरणाचे पातेले चुलीवरून उतरवताना दोघांनी दोन बाजूंनी धरले होते, एवढे मी पाहिले.

घरी आल्यावर मी यावर थोडे वाचले. १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरीफ या तुर्कस्तानात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर भरवले होते. त्यांचे दोन गट केले, आणि त्यांच्यात सामने लावले. त्यात रस्सीखेचही होती! थोड्याच दिवसांत एकमेकांची निशाणे जाळण्यापर्यंत आणि रात्री एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालण्यापर्यंत मजल गेली. मग त्यांना एकत्र सिनेमा दाखवला, एका जागी जेवू घातले. भांडण मिटले तर नाहीच, उलट जेवताना फेकाफेक झाली. शेवटी संयोजकांनी पाण्याचा पुरवठा अडल्याचे घडवून आणले. कोठे अडले ते शोधायला दोन्ही गट धावले. पुढे खाण्याचे सामान आणणारा ट्रक 'बंद पडला', तेव्हा रस्सीखेचीचाच दोर त्याला बांधून सगळ्यांनी मिळून ओढला. या प्रयोगावर पुढे टीका झाली. मुलांना न सांगता असे भांडायला लावावे काय, हा प्रश्न खराच आहे. पण तो दोर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दोर तोच, एकदा एकमेकांविरुद्ध ओढला, एकदा एका बाजूने.

एका जागी जेवायला बसवल्याने भागत नाही, ही गोष्ट आपल्याकडेही फार पूर्वी नोंदली गेली आहे. इरावती कर्वे यांनी आपल्या 'वाटचाल' या लेखात पंढरीच्या वाटेवरचा अनुभव लिहिला आहे. वारीत एकमेकांना 'माउली' म्हणण्याची रीत आहे, म्हणजे आडनावाचा प्रश्नच मिटला. अनोळखी माणसे हात धरून फुगडी घालतात, एकमेकांच्या पाया पडतात. ओळखीचा इतका सुंदर खेळ दुसरा नसेल. तरीही त्या काळी एकत्र गात चालणारी माणसे जेवायला मात्र जातवार वेगळी बसत, हे इरावतीबाईंना लागले. ४ जून १९४१ रोजी सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाने मुलांना एका मैदानावर खेळायला आणि एका शिबिरात राबायला लावले, त्यामागेही हीच जाण होती. खेळात हसणे सोपे आहे. खेळ साधला की नाही, हे हसण्यावरून ठरवू नये. त्यानंतरच्या पंगतीवरून ठरवावे.

असो. पुण्याच्या बाईंनी खेळ विचारले आहेत आणि मी प्रवचन सांगत बसलो. तर आता खेळ.

मुकी रांग वर सांगितलीच. गच्चीवर उत्तम होते. बारा-पंधरा मुलांपासून साठांपर्यंत कितीही चालतात.

दुसरा खेळ म्हणींच्या जोड्यांचा. एका चिठ्ठीवर 'नाचता येईना', दुसरीवर 'अंगण वाकडे'. एकीवर 'उथळ पाण्याला', दुसरीवर 'खळखळाट फार'. चिठ्ठ्या मिसळून वाटाव्यात, प्रत्येकाने आपला जोडीदार शोधावा. जोडी जुळली की दोघांनी पाच मिनिटे बोलावे, आणि मग सभेत प्रत्येकाने स्वतःची नव्हे तर जोडीदाराची ओळख करून द्यावी. स्वतःविषयी बोलताना जीभ अडते. दुसऱ्याविषयी बोलताना ती मोकळी होते, आणि शिवाय आधी ऐकावे लागते. चिठ्ठ्या करताना मात्र जपा. मी चाळीस म्हणी काढायला बसलो तेव्हा कळले की आपल्या कितीतरी म्हणी कोणत्या ना कोणत्या जातीला, नाहीतर बायकांना, टोमणा मारतात. त्या गाळाव्यात. उरतात त्याही पुष्कळ आहेत.

तिसरा कामटीचा. आकाशकंदिलाला लागते तशी बांबूची हलकी, सरळ कामटी घ्यावी, पाच-सहा हात लांब. आठजणांनी चार-चार समोरासमोर उभे राहून एकेक तर्जनी आडवी धरायची, आणि त्या आठ बोटांवर कामटी ठेवायची. आता ती जमिनीवर टेकवा. अट एवढीच की कोणाचेही बोट कामटीपासून सुटता कामा नये. करून पाहा. कामटी खाली येण्याऐवजी वर वर जाऊ लागते! कारण साधे आहे. बोट सुटू नये म्हणून प्रत्येकजण केसभर वर रेटतो, आणि आठ केसांचे चार बोटे होतात. मग "तू ढकलतोस", "मी नाही, तीच ढकलते" हे सुरू होते. चार-पाच वेळा फसल्यावर कोणीतरी शांतपणे म्हणतो, "सगळ्यांनी माझ्याबरोबर, हळू, एक... दोन..." हा बहुधा तोवर न बोललेला असतो.

चौथा रुमालांच्या गाठीचा. आठ-दहाजणांनी गोल उभे राहून प्रत्येकाने उजव्या हातात रुमाल धरायचा, आणि डाव्या हाताने समोरच्या कोणाच्या तरी रुमालाचे दुसरे टोक पकडायचे, शेजाऱ्याचे नाही. झालेला गुंता टोके न सोडता, खालून-वरून वाट काढीत सोडवायचा. हातात हात धरूनही हा खेळतात, पण मुलेमुली एकत्र असली की काहींना ते अवघड वाटते, घरच्यांनाही वाटते. रुमालाने ती अडचण जाते. क्वचित गुंता सुटत नाही, किंवा एकाच्या जागी दोन गोल होतात. तरी बिघडत नाही, पुन्हा मांडावा.

पाचवा खास दिवाळीचा. खुर्च्या गोल मांडाव्यात, एक कमी. मधल्याने उभे राहून म्हणावे, "ज्यांच्या घरी यंदा अनारसे हसले त्यांनी जागा बदलावी," "जे पहिल्या आंघोळीला उठले नाहीत त्यांनी उठावे." उठलेल्यांनी जागा बदलायच्या आणि मधल्याने एक पटकवायची, उरेल तो नवा मधला. फजितीत आपण एकटे नाही, हे कळल्याइतका दिलासा दुसरा नाही. संगीत खुर्चीशी याचे नाते दिसते, पण फरक मोठा आहे. संगीत खुर्चीत बुजरा मूल पहिल्याच फेरीत बाद होऊन भिंतीशी जाऊन बसते. म्हणजे ज्याची भीड चेपायची त्यालाच आधी बाहेर काढायचे. ओळखीच्या खेळात बाद ही गोष्टच नको.

आता काही पथ्ये. टक्के, फी, वडिलांचा पगार, सुटीत कोणत्या देशात गेला होतात, हे प्रश्न खेळात आणू नयेत. कोणाला एकट्याला उभे करून गायला-नाचायला लावू नये. ज्याला गाता येते तो आपण होऊन गाईल. 'मला नको' म्हणण्याची मुभा प्रत्येकाला असावी, आणि ती खेळ सुरू होण्याआधी मोठ्याने सांगावी. गट राहत्या इमारतीप्रमाणे पाडू नयेत. ए विंग विरुद्ध बी विंग म्हणजे माझी रस्सीखेचच. आणि शेवटी सगळ्यांना मिळून काहीतरी काम द्यावे, मग ते फराळाची ताटे भरणे असो की गच्चीवर पणत्या लावणे.

सगळ्यांत मोठे पथ्य मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. मुलाचा नवा मित्र दारात येतो. आपण त्याला आत बोलावतो, पाणी देतो, नाव विचारतो. तो नाव सांगतो. आणि मग आपल्या तोंडून अगदी सहज, प्रेमाने, दुसरा प्रश्न निघतो: "आडनाव काय रे तुझं?" आपल्या मनात काही नसते, हे मला मान्य आहे. माझ्याही मनात त्या संध्याकाळी काही नव्हते. पण तो मुलगा दोनदा उभा राहिला होता.

यंदाच्या दिवाळीत गच्चीवर खेळ मांडाल तेव्हा पाहुण्या मुलांना दुसरे काहीही विचारा. चकली कशी झाली ते विचारा, जन्म कुठल्या सणाच्या आसपासचा ते विचारा. आणि खेळ संपल्यावर ताटे कोठे कोठे मांडली गेली, ते मला जरूर कळवा. तुमच्या भागात, तुमच्या लहानपणी भीड चेपणारे आणखी कोणते खेळ असतील तर तेही लिहून पाठवा; पुढच्या काही अंकांतून ते सर्वांपर्यंत पोचवीन.